खिंडीतील लढाई आणि लेखकाची दृष्टी : प्रबंधिकेच्या एका विषयाच्या निमित्ताने

‘मराठी लेखकांचा युद्धविषयक दृष्टिकोन’ हा विषय पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी अधूनमधून निवडला जातो आणि बहुतेक वेळा तो एकाच रीतीने वाया जातो. विद्यार्थी दहा-बारा कलाकृती घेतो, प्रत्येकीतून युद्धाविषयीचे उद्गार वेचतो आणि अखेरीस लेखकांची दोन गटांत वाटणी करतो : युद्धाचा गौरव करणारे आणि युद्धाची निर्भर्त्सना करणारे. जे कोठेच बसत नाहीत त्यांच्यासाठी ‘संमिश्र दृष्टिकोन’ नावाचे तिसरे दालन उघडले जाते. या मांडणीत चुकीचे असे काही नसते. अडचण एवढीच की तिच्यातून निघणारे विधान एकही पुस्तक न उघडता करता आले असते. प्रमेय म्हणावयाचे ते संहितेच्या वाचनाने खोटे ठरण्याची शक्यता पत्करणाऱ्या विधानालाच. ‘काही लेखक युद्धाच्या बाजूचे आहेत, काही विरुद्ध’ हे विधान खोटे ठरूच शकत नाही, म्हणून ते प्रमेय नव्हे.

खालापूर तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने हाच विषय मांडला, तेव्हा तिला दहा कलाकृती बाजूला ठेवून एकच लढाई घ्यावयास सुचविले : तिच्या घरापासून फार दूर नसलेली उंबरखिंडीची. तिच्या मनातला संकोच समजण्यासारखा होता. आपल्या मुलखातील लढाईवर लिहावयाचे म्हणजे गौरवपरच लिहावयाचे, अशी अपेक्षा घरीदारी असते. उलट, विद्यापीठीय वर्तुळात ‘युद्धविरोधी’ वाचन अधिक प्रगल्भ मानले जाते. या दोन अपेक्षांच्या कात्रीत विद्यार्थ्याचे स्वतःचे वाचन हरवते. प्रस्तुत लेखात त्या विषयाला धार कशी आणता येईल याचा विचार कर्जत-खालापूरच्या परिसरातील तीन संघर्षांच्या आधारे केला आहे. त्यांतला पहिला सर्वांत संपन्न आहे, म्हणून त्यावर अधिक रेंगाळावे लागेल.

घटना थोडक्यात अशी. मे १६६० मध्ये शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला. पुढच्या वर्षाच्या आरंभी त्याने कारतलबखान या सरदाराला घाटाखालचा मुलूख घेण्यासाठी रवाना केले. आजच्या लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने ही फौज खाली उतरली. चावणी गावाच्या परिसरात, अंबा नदीच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर, शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला पुढून आणि मागून कोंडले. ही गोष्ट फेब्रुवारी १६६१ च्या प्रारंभीची. खानाने शरणागती पत्करली, बरोबरचा ऐवज व सामान टाकले आणि अभय मिळवून तो परत फिरला. फेब्रुवारीत या बाजूचे ओढे आटत आलेले असतात. पावसाळ्यात तेथे सहलीला गेलेल्या वाचकाला त्या कोंडीची कल्पना येणार नाही. अभ्यासकाने ती वाट योग्य महिन्यात एकदा पायांखालून घालावी. काव्यातील निसर्गवर्णनापैकी संकेत किती आणि भूगोल किती, हे ग्रंथालयात बसून ठरत नाही.

या लढाईचे सर्वांत विस्तृत साहित्यिक चित्रण कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. हा ग्रंथ संस्कृतात आहे, स्वतःला पुराणाच्या परंपरेत बसवतो, आणि बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटतो. स. म. दिवेकरांनी मराठी भाषांतरासह केलेली त्याची आवृत्ती भारत इतिहास संशोधक मंडळाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. येथेच विषयाच्या शीर्षकाला पहिला तडा जातो. परमानंद हा ‘मराठी लेखक’ आहे काय? मराठी मुलखातला, मराठी राजाच्या आश्रयाचा, परंतु काशीच्या पंडितांना कथा सांगत असल्याची चौकट उभारून संस्कृतात लिहिणारा हा कवी आहे. त्या चौकटीत युद्धाचा श्रोता मावळा नाही, कोकणातला रयतही नाही. दूरच्या, विद्वान आणि राजाच्या धर्मकार्याची पारख करू शकणाऱ्या सभेपुढे हे कथन चालते. लेखकाचा दृष्टिकोन विचारण्यापूर्वी तो कोणासमोर उभा राहून बोलतो आहे हे विचारले पाहिजे. शीर्षकातील ‘मराठी लेखक’ हे शब्द त्यामुळे गळून पडतात आणि त्या जागी ‘उंबरखिंडीचे कथन’ येते. विषय लहान झाला असे वाटते, पण वस्तुतः तो आता कोठे हाताळण्याजोगा झाला आहे.

आता त्या कथनाकडे वळू. फौज अरण्यात शिरते, वाट निमुळती होत जाते, पुढे जाणे आणि मागे फिरणे दोन्ही अशक्य होते. अशा वेळी खानाच्याच सैन्यातील एक व्यक्ती त्याला खडसावते. ही व्यक्ती म्हणजे रायबागीण : माहूरच्या देशमुख घराण्यातील, मोगलांच्या बाजूने स्वतः शस्त्र घेऊन लढणारी स्त्री. सिंहाच्या वनात येऊन तू सर्वांना संकटात घातलेस, आता शरण जाऊन सैन्य वाचव, असा तिच्या भाषणाचा आशय आहे. लढाईचा न्याय विजेत्याच्या तोंडून येत नाही, कवी स्वतःही तो देत नाही. पराभूत होऊ घातलेल्या पक्षातील एका सेनानी स्त्रीच्या तोंडून तो वदविला जातो.

झेरार जेनेत याने १९७२ च्या आपल्या कथनमीमांसेत ‘कोण बोलते’ आणि ‘कोण पाहते’ हे दोन प्रश्न वेगळे केले. आपल्याकडे ही संकल्पना पुष्कळदा केवळ कादंबरीपुरती वापरली जाते. युद्धवर्णनाला तिची गरज अधिक आहे. स्तांधालच्या १८३९ मधील कादंबरीत वॉटर्लूच्या रणभूमीवर भटकणाऱ्या फाब्रीसला आपण लढाई पाहिली की नाही हेच कळत नाही. टॉलस्टॉयने बोरोदिनो दाखविण्यासाठी पिएरसारखा बिनलष्करी माणूस निवडला. त्या दोघांनी युद्धावर व्यक्त केलेल्या मतांपेक्षा ही निवड अधिक बोलकी आहे. परमानंदानेही निवड केली आहे. त्याने आपला डोळा शत्रूच्या गोटात ठेवला.

पण येथे सावध राहावयास हवे. हा निव्वळ काव्यसंकेत नाही कशावरून? शत्रूपक्षातील स्त्रीने नायकाच्या सामर्थ्याची ग्वाही द्यावी ही महाकाव्यांतील जुनीच रीत आहे. वाल्मीकिरामायणात तारा वालीला सावध करते. मंदोदरीचे शहाणपण तर परंपरेने घराघरांत पोचविले आहे. विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात रायबागीणीच्या भाषणाला ‘युद्धविरोधी स्त्रीस्वर’ म्हटले होते. ते टिकणार नाही. रायबागीण युद्धाला विरोध करीत नाही. वाईट तऱ्हेने आखलेल्या युद्धाला ती विरोध करते. ती पत्नी नाही, सेनानी आहे, आणि तिचे बोलणे व्यूहाचे आहे.

तथापि संकेत ओळखला की काम संपले असेही नाही. संकेत कोठे मोडतो हे पाहणे ही खरी कसोटी. ताऱेचे वाली ऐकत नाही, मंदोदरीचे रावण ऐकत नाही. न ऐकणे हाच त्या संकेताचा कणा आहे, कारण न ऐकल्यामुळेच युद्ध घडते आणि प्रतिनायकाचा अंत होतो. उंबरखिंडीत कारतलबखान ऐकतो. तो दूत पाठवितो, अभय मागतो, आणि त्याला ते मिळते. सल्ला मानला गेल्यामुळे महाकाव्याची नेहमीची वाट येथे बंद होते आणि लढाई मध्येच थांबते. याच काव्यात प्रतापगडचा प्रसंग (१६५९) शत्रुनायकाच्या वधावर उभा आहे. सुमारे सव्वा वर्षाच्या अंतराने घडलेल्या दोन घटना, एकच कवी, एकच नायक, आणि शेवट सर्वस्वी निराळे. मग ‘परमानंदाचा युद्धविषयक दृष्टिकोन’ अशी एकसंध वस्तू आहे तरी कोठे? असलाच तर तो युद्धाबद्दलच्या मतात नाही. युद्ध कोठे, कोणासाठी आणि कोणत्या शब्दावर थांबते या रचनेत तो आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने वीररसाचे प्रकार मानले आहेत : दानवीर, धर्मवीर, युद्धवीर, आणि ‘साहित्यदर्पणा’सारख्या उत्तरकालीन ग्रंथांत दयावीर. उंबरखिंडीचा प्रसंग युद्धवीरात सुरू होतो आणि दयावीरात संपतो असे म्हणता येईल. हे वर्गीकरण केवळ शोभेचे नाही. ते आपल्याला एका कालविपर्यासापासून वाचविते. अभयदानाला आजच्या अर्थाने मानवतावाद म्हणण्याचा मोह होतो. पण त्या काव्याच्या मूल्यव्यवस्थेत दया ही युद्धाच्या बाहेरची, युद्धाचा निषेध करणारी गोष्ट नाही. ती पराक्रमाचाच एक प्रकार आहे. म्हणून ‘गौरव की निषेध’ हा प्रश्नच या संहितेला लागू पडत नाही. प्रश्न चुकीचा असल्याने दोन्ही उत्तरे चुकीची ठरतात.

इतिहासाचा अभ्यासक यावर आक्षेप घेईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. अभय दिले ते दयेपोटी नव्हे, व्यवहार म्हणून. शाएस्तेखान मोठ्या फौजेनिशी पुण्यात होता. कोंडलेल्या सैन्याचा संहार करण्यात वेळ आणि माणसे दोन्ही खर्ची पडली असती. उलट शरणागतीत ऐवज सहज हाती आला. महाराजांना लगोलग दक्षिण कोकणच्या मोहिमेवर निघावयाचे होते. हे सर्व मान्य. साहित्याच्या अभ्यासकाचे काम त्यानंतर सुरू होते : व्यवहाराचा हा निर्णय कवीने कोणत्या शब्दांत बदलला, आणि तसे करताना त्याने काय झाकले? ऐवजाची प्राप्ती काव्यात येते, लपविली जात नाही. परंतु तिला अभयाच्या मागे उभे केले आहे. हा क्रम म्हणजेच दृष्टी.

इथवर आल्यावर प्रबंधिकेचे विधान असे लिहिता येते : उंबरखिंडीच्या काव्यकथनात युद्धाचे मूल्य विजेत्याच्या शस्त्राने ठरत नाही; पराभूताने आपला पराभव कोणत्या शब्दांत उच्चारला आणि विजेत्याने तो कसा स्वीकारला, यावरून ते ठरते. हे विधान खोटे ठरू शकते. ते पडताळण्यासाठी त्याच काव्यातील इतर लढाया आहेत, आणि त्याच टापूतील दुसरी एक घटनाही आहे.

ही दुसरी घटना घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहे. नोव्हेंबर १७७८ मध्ये इंग्रजांची मुंबईची फौज राघोबादादांना घेऊन पुण्याकडे निघाली. पनवेलमार्गे खोपोली, तेथून बोरघाट चढून खंडाळा, मग कार्ले. आघाडीच्या तुकडीचा प्रमुख कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट जानेवारी १७७९ च्या पहिल्या आठवड्यात कार्ल्याजवळ तोफगोळ्याने ठार झाला. तळेगावापर्यंत पोचलेली फौज तोफा तळ्यात टाकून मागे फिरली, आणि वडगावला १६ जानेवारीला करार करून सुटली. हा करार कंपनीच्या वरिष्ठांनी पुढे धुडकावला. येथेही पराभूत सैन्याला जाऊ दिले गेले. ज्या खोपोलीत नाना फडणविसांनी बांधविलेले महादेवाचे देऊळ आणि तळे आजही पाहावयास मिळते, ते गाव या सगळ्या हालचालींच्या वाटेवरच आहे.

या पराभवाचा प्रमुख कथनकार पराभूतांपैकीच एक आहे : ग्रँट डफ. त्याच्या १८२६ च्या इतिहासात एकोणीस हजार बैलांचे ओझे घेऊन सरकणारे हे सैन्य दिसते. घाटमाथ्यावर आल्यानंतर त्याला सुमारे आठ मैलांसाठी अकरा दिवस लागले. डफची मांडणी पाहण्यासारखी आहे. अपयशाचा सारा भार तो मोहिमेच्या नेतृत्वावर आणि समितीवर टाकतो, तर पिछाडी सांभाळणारा हार्टली आणि पडलेला स्ट्युअर्ट यांना सन्मानाने बाजूला काढतो. पराभूताने पराभव उच्चारण्याची ही दुसरी रीत : लाज वरिष्ठांच्या वाट्याला, शौर्य सैनिकांच्या वाट्याला. रायबागीणीने खानाला दिलेल्या दोषाशी तिचे साम्य उघड आहे. फरक असा की डफच्या कथनात दोष ऐकून घेणारा, आणि ऐकून थांबणारा, कोणी नाही.

याच स्ट्युअर्टला मराठी लोकस्मृतीने ‘इष्टुर फाकडा’ केले, आणि डफनेही त्या नावाची नोंद घेतली. ‘फाकडा’ हा शब्द शूर, ऐटबाज, थोडा बेफिकीर अशा छटा एकत्र बाळगतो. मानाजी शिंद्यांनाही तो लागला. शत्रूचे आडनाव मोडून-वाकवून आपल्या जिभेवर बसविणे आणि मग त्याला आपल्याच शूरांच्या पंक्तीला नेणे, ही कृती कोणत्याही ग्रंथातील युद्धविषयक मतापेक्षा अधिक सांगून जाते. तिचा कर्ता मात्र कोणी लेखक नाही. ‘लेखकांचा दृष्टिकोन’ या शब्दप्रयोगाला पडणारा हा दुसरा तडा. पानिपताच्या पराभवावर बखरींपासून विश्वास पाटलांच्या १९८८ च्या कादंबरीपर्यंत मोठी वाङ्मयपरंपरा उभी राहिली. वडगावच्या विजयाच्या वाट्याला तेवढे लेखन आले नाही. मराठी साहित्याला विजयापेक्षा पराभव अधिक बोलावयास लावतो काय, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. तो येथे ओढून आणू नये.

डफचे नाव आले की नीळकंठ जनार्दन कीर्तने यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. डफच्या इतिहासावरील त्यांची टीका १८६८ च्या सुमारास ‘विविधज्ञानविस्तारा’तून पुढे आली, तेव्हा ते विशीतले तरुण होते. मराठी इतिहासचिकित्सेचा आरंभ त्या निबंधापासून मानण्याची प्रथा आहे. त्याचे बळ आवेशात नाही. डफने कोणती साधने वापरली, ती कितपत वापरली आणि कोणती सोडली, या मर्यादित प्रश्नाला धरून राहण्यात ते आहे. प्रबंधाच्या विषयाला धार लावणे म्हणजे काय याचा यापेक्षा चांगला नमुना आपल्या भाषेत शोधावा लागेल.

तिसरा संघर्ष याच टापूतला, पण त्याला ‘युद्ध’ म्हणावयाचे की नाही इथपासून वाद आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांचा आझाद दस्ता १९४२ च्या आंदोलनात मुंबईला वीज पुरविणारे मनोरे पाडीत होता. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) ही जलविद्युत केंद्रे या दोन तालुक्यांतलीच. महायुद्ध चालू असल्याने मुंबईचा वीजपुरवठा हा युद्धाच्याच यंत्रणेचा भाग होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात दोघे मारले गेले. तेथे आपले प्रमेय अडखळते. पराभूताला बोलावयास अवधीच मिळाला नाही. अभय मागणे, देणे यांना जागाच नव्हती. राज्यकर्त्यांच्या भाषेत ही घटना गुन्ह्याच्या सदरात पडते, स्मृतीच्या भाषेत ती ‘बलिदान’ होते, आणि दोन्ही भाषांत युद्ध हा शब्द टाळला जातो. प्रमेय अडखळते म्हणून ते टाकून द्यावे असे नव्हे. उलट त्याची सीमा कळली : जेथे एक पक्ष दुसऱ्याला युध्यमान म्हणून मान्यच करीत नाही, तेथे पराभूताच्या उद्गाराची जागा हौतात्म्याची परिभाषा घेते.

या दृष्टीने विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) हा उपयुक्त प्रतिपक्ष ठरतो, जरी तिचा कर्जत-खालापूरशी काडीचा संबंध नाही. त्या कादंबरीत रणांगण नाही. बोट आहे, निर्वासित ज्यू आहेत, एक प्रेम आहे. युद्ध सुरू होण्यापूर्वीच पराभूत ठरलेली माणसे तेथे बोलतात, आणि त्यांचे ऐकून कोणीही थांबत नाही. एका प्रकरणाच्या अखेरीस दोन पानांची तुलना एवढाच तिचा उपयोग करावा. तिच्यावर पूर्ण प्रकरण लिहिले, तर विषय पुन्हा दहा कलाकृतींच्या यादीकडे घसरेल.

आणखी एका मौनाकडे लक्ष वेधावयास हवे. ‘शिवभारता’त अरण्य बोलते, खिंड बोलते, शत्रूची सेनानी बोलते, त्या अरण्यात राहणारा ठाकूर किंवा कातकरी बोलत नाही. डफच्या इतिहासात एकोणीस हजार बैल मोजले जातात. ते कोणाच्या गोठ्यातून आले आणि त्यांना हाकणारे कोण होते, हे त्यातून उमगत नाही. वाट माहीत असणारे, ओझे वाहणारे, फौज गेल्यावर तुडविलेल्या शेताकडे पाहणारे लोक तिन्ही संघर्षांच्या कडेला उभे आहेत. यावरून ‘लेखकांनी वंचितांकडे दुर्लक्ष केले’ असे तयार वाक्य लिहून मोकळे होणे सोपे आहे. अधिक कठीण आणि अधिक मोलाचे काम हे की, प्रत्येक संहितेत हे मौन कोठे पडते ते दाखविणे. परमानंदाच्या कथनात ते पडते, कारण काशीच्या सभेला त्या माणसाची साक्ष नको असते. डफच्या कथनात ते आकड्याखाली झाकले जाते. दोन मौने सारखी नाहीत.

मार्गदर्शनाचा प्रत्यक्ष भाग त्यामुळे फार थोडा उरतो. पहिले प्रकरण केवळ उंबरखिंडीच्या श्लोकांचे : दिवेकरांचे भाषांतर समोर ठेवून मूळ संस्कृतातून, रायबागीणीच्या भाषणापासून अभयापर्यंत, शब्दाशब्दाने. त्यात शिवचरित्रावरील उत्तरकालीन ललित लेखन आणू नये; तेथे रायबागीणीचे काय होते हे दुसऱ्या प्रकरणात पाहावे, आणि तिचे भाषण कोठे आखूड होते, कोठे गळते, याची नोंद ठेवावी. वडगाव तिसऱ्या प्रकरणात, डफचा मूळ मजकूर आणि ‘इष्टुर फाकडा’ यांच्यापुरता. सिद्धगडासाठी कर्जत-मुरबाडच्या गावांतील तोंडी आठवणी मिळविता येतील, परंतु त्या टिपताना सांगणाऱ्याने कोतवालांविषयी काय सांगितले याच्याइतकेच, हे त्याने कोणाकडून ऐकले आणि कोणासमोर सांगितले, हेही त्याच पानावर लिहून ठेवावयास हवे. परमानंदाला आपण जो प्रश्न विचारतो, तोच त्यांनाही विचारावयाचा आहे.